उत्तरदाता क्रमांक एकशे तेरा

१४ जून १९९३, जळगाव
आजपासून दोन वह्या. निळ्या पुठ्ठ्याची ती ‘क्षेत्रकार्य दैनंदिनी’. ती माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक बन्सीलाल सर दर महिन्याला बघणार आणि लाल शाईत ‘पाहिले’ असं लिहिणार. ही दुसरी, बिनपुठ्ठ्याची, माझी. हिच्यात खरं लिहायचं.

खरं असं आहे. एरंडोलच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायला लागून मला नऊ वर्षं झाली. आमचे विभागप्रमुख पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतात. खुर्चीवर दोघांचा डोळा आहे. एक मी, दुसरा अभिमन, ज्याने आयुष्यात गाइड सोडून दुसरं पुस्तक उघडलेलं नाही. ज्याची पीएच.डी. आधी, त्याची खुर्ची आधी.

माझा विषय: ‘तंत्रज्ञान-नियमन आणि लोकधोरण : गर्भलिंगनिदानविषयक कायद्याच्या अंमलबजावणीचा जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात एक चिकित्सक अभ्यास.’ तीन प्रकरणं लिहून झाली आहेत. त्यांना ग्रंथालयाचा वास येतो, असं सर म्हणतात. चौथं प्रकरण प्रत्यक्ष पाहणीचं हवं, नाहीतर परीक्षक फाडून खातील.

मायने विचारलं, एवढ्या लांब नावाचा अर्थ काय. मी सोपं करून सांगितलं, पोटात मुलगा आहे की मुलगी हे यंत्राने बघून सांगायला सरकारने पाच वर्षांपूर्वी बंदी घातली, ती बंदी लोक पाळतात का ते मी शोधतोय. माय भाजी निवडायची थांबली आणि म्हणाली, “ते यंत्र कोठे शे?”

घरच्या माणसांनी संशोधनात इतका रस घेणं दुर्मिळच.

२२ जून
कचेरीचं नाव इथेही लिहीत नाही. संशोधकाला गोपनीयता पाळावी लागते.

तिथे तोताराम नावाचे हेडक्लार्क आहेत. या कायद्यावर लक्ष ठेवणाऱ्या दक्षता समितीची फाइल मागितली तर त्यांनी आधी माझं पत्र वाचलं, मग पत्रावरचा शिक्का वाचला, मग मला चहा पाजला. फाइल चार वाजता निघाली. आत तीन कागद. पहिला समिती नेमल्याचा, दुसरा पहिल्या बैठकीचा आणि तिसरा ‘बैठक क्र. दोन पुढे ढकलण्यात येत आहे’ असा, साडेतीन वर्षांपूर्वीचा.

“म्हणजे समिती बंद पडली?” मी विचारलं.

“बंद कशी पडेल साहेब? चालूच आहे. तिचा फक्त अजून वापर नाही झाला.”

पहिल्या बैठकीत एकमताने ठरलं होतं की समिती दक्ष राहील. सह्या पाच. त्यातली एक सही अशा डॉक्टरांची, ज्यांच्याकडे आमच्या भागातलं पहिलं सोनोग्राफी यंत्र आहे. हे तोतारामांना दाखवलं तर ते म्हणाले, “मग बरोबर आहे की! ज्याला यंत्राची माहिती नाही तो काय दक्षता घेणार?”

निळ्या वहीत मी ‘समितीच्या रचनेत तज्ज्ञांना स्थान’ असं लिहिलं. घरी येऊन बायकोला, सुनंदाला, सगळं सांगितलं. ती प्रश्नावलीचं स्टेन्सिल कापत होती. हसून हसून तिचा हात हलला आणि प्रश्न सतरावर रेघ आली. माझ्या एकशेबारा प्रश्नावल्यांची पक्की प्रत तिच्याच अक्षरात निघणार आहे. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही.

५ जुलै
त्या समितीवाल्या डॉक्टरांची मुलाखत. यापुढे ते ‘उत्तरदाता क्रमांक सात’.

दवाखाना स्वच्छ. भिंतीवर कायद्याची अख्खी प्रत काचेच्या चौकटीत, खाली उदबत्ती. बोलायला गोड माणूस. म्हणाले, “मी मुलगा-मुलगी सांगतच नाही. माझ्या यंत्राला विचारा, मला विचारा, माझ्या भिंतींना विचारा. तोंडातून एक अक्षर काढत नाही.” मी तीन वेळा प्रश्न फिरवून विचारला, तिन्ही वेळा तेच उत्तर. विश्वासार्हता चांगली.

नंतर दोन तास बाकावर बसून निरीक्षण केलं. गर्दी पुष्कळ. बऱ्याच बायका सासूबरोबर आलेल्या. तिथे कुंदाबाई नावाची आया आहे. काही बायकांच्या मागे ती थेट रिक्षापर्यंत जाते, हात पसरते, “आता माझं लुगडं पक्कं,” म्हणून हसते. काहींना मात्र दारापर्यंत सोडायलाही उठत नाही. एक सासू बराच वेळ पायरीवर उभी राहून मागे बघत होती, कुंदाबाई आपली आत चादरी घड्या करत बसली होती. शेवटी त्या दोघी गेल्या. सासू डोळे पुसत होती.

नोंद: कर्मचाऱ्यांच्या सौजन्यात सातत्य नाही.

११ जुलै, धुळे
सरांकडे गेलो. नेहमीप्रमाणे केळीचा फणा एका हातात, प्रकरण दुसऱ्या हातात. सरांनी फणा दोन्ही हातांनी घेतला. प्रकरण टेबलावर ठेवायला सांगितलं.

सर म्हणाले, “नरखेडे, डॉक्टर म्हणतो सांगत नाही, तुम्ही लिहिता सांगत नाही. मग तुम्ही संशोधक की त्याचे लेखनिक? आत शिरा! कोणीतरी पेशंट म्हणून पाठवा आणि काय होतं ते नोंदवा. परदेशात असं सर्रास करतात.”

येताना एसटीत पारोळ्यापर्यंत उभाच होतो, पण डोकं चालत होतं. पेशंट शोधायला बाहेर कशाला जायचं? सुनंदाला पाचवा महिना चालू आहे.

१२ जुलै
सुनंदा नको म्हणाली. सरळ नको. “मला कळायचंच नाहीये. पहिल्या वेळी तरी कुठे कळलं होतं? सोनी झाली, काय वाईट झालं?”

मी तिला समजावलं की कळण्याचा प्रश्नच नाही. डॉक्टर काही सांगणार नाहीत, ते तर कायद्याची प्रत काचेत ठेवून उदबत्ती लावतात. आणि सांगितलंच, तर चौथं प्रकरण उभं राहतं. दोन्हीकडून फायदा.

“तुमचा,” ती म्हणाली.

तेवढ्यात माय स्वयंपाकघरातून आली. मला वाटलं, आता ही पण आडवी येणार. पण नाही! “मी जास तिनासंगे. तू बाहेर बठ,” माय म्हणाली. मायने माझ्या शिक्षणात आजवर कधी लक्ष घातलेलं नाही. दहावीला कुठले विषय होते ते तिला आजही सांगता येणार नाही. आज मात्र ती अंगणात जाऊन शेजारणीला दवाखान्याची वेळ विचारून आली. मला खरंच भरून आलं.

सुनंदाने रात्रीच्या भाकरी केल्या आणि जेवली नाही. तिला मळमळ असते अधूनमधून.

१९ जुलै
प्रयोग झाला.

प्रवेश १०.४०. मी दवाखान्यासमोर रिक्षात, हातात घड्याळ, गुडघ्यावर निळी वही. रिक्षावाला विचारत होता, रेसचा घोडा आहे का. त्याला काय कळणार.

११.२५ ला दोघी बाहेर. माय पायरीवर उभी राहिली आणि आत बघत राहिली. मी रिक्षातून खुणा केल्या, चला म्हणून. ती हलेना. चार मिनिटं मोजून. मग सुनंदानेच तिचा दंड धरून तिला खाली आणलं.

घरी आल्यावर विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले?”

सुनंदा म्हणाली, “बाळ चांगलं आहे म्हणाले.”

“आणखी? सूचक काही? बोट, नजर, खाकरणं?”

“काहीच नाही.”

मायला विचारलं. ती म्हणाली, “तुले काय समजस! तुले फक्त कागद समजतस.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपली, भर दुपारी.

म्हणजे प्रयोग फसला. किंवा दुसऱ्या बाजूने बघितलं तर कायदा यशस्वी आहे. हा निष्कर्ष धक्कादायक आहे आणि धक्कादायक निष्कर्ष परीक्षकांना आवडतात. निळ्या वहीत लिहिलं: ‘माहितीचे हस्तांतरण : शून्य.’

२० जुलै
शून्य नव्हतं! 

सकाळी सुनंदाने मला चहा दिला आणि समोर बसली. ती सहसा बसत नाही. म्हणाली, “तुम्हाला खरंच कळलं नाही का?”

“काय?”

“कुंदाबाई आमच्या मागे आली नाही.”

मग तिने सांगितलं. मुलगा असला की कुंदाबाई रिक्षापर्यंत येते आणि लुगडं मागते. मुलगी असली की जागची उठत नाही. कोणी बोलत नाही, कोणी लिहीत नाही. नशिराबादपासून पारोळ्यापर्यंतच्या बायाबायांना हे माहीत आहे. शेजारणीने मायला आधीच सांगून ठेवलं होतं. मी दोन तास त्या बाकावर बसून ‘सौजन्यात सातत्य नाही’ असं लिहून आलो होतो!

काय विलक्षण आहे हे! कायदा म्हणतो, सांगू नका. ते सांगतच नाहीत. एक बाई उठते किंवा उठत नाही. तिच्यावर कुठलं कलम लावणार? दारापर्यंत न जाणं हा गुन्हा कसा होईल? अख्खं नियमन एका आयेच्या खुर्चीपाशी संपतं. लिहायला बसलो तो दुपारी दोनला उठलो. सतरा पानं. अभिमनची अख्खी पीएच.डी. या सतरा पानांपुढे काही नाही.

म्हणजे मुलगी आहे. हे मी पान आठवर असताना लक्षात आलं. नंतर बघू म्हटलं, विचारांची साखळी तुटली असती.

२५ जुलै, धुळे
सर उभे राहिले. अक्षरशः उठून उभे राहिले. “नरखेडे, हे छापलं जाईल! पण एकच प्रसंग पुरत नाही. पुढे त्या कुटुंबात काय घडतं तेही हवं. कायदा फसल्याचा परिणाम! तुम्हाला तर घरबसल्या दिसणार.”

मी होय म्हणालो. खरं सांगायचं तर चहा अर्धाच ठेवून उठलो. सरांच्या घरी चहात आलं फार असतं.

३० जुलै
माय आज स्पष्ट बोलली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. “बुधवारले धुयाले जानं शे. तठे एक डॉक्टरीण शे. आठ दिन गयात ते मंग कोन्हीच हात नही लावणार.” आणि मग हळू आवाजात, “घरमा एक अंडेर शे ना. आते दुसरी काबरं?”

ती अंडेर, म्हणजे आमची मुलगी सोनी, तिथेच पाटीवर चित्र काढत बसली होती. तिने वर बघितलं. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे मुलांना बरोबर कळतं.

सुनंदा दारात उभी होती. तिने मायकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी अग्रलेख वाचत होतो.

इथे खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहितो. मी हो म्हणालो नाही. माझे विचार या बाबतीत पुरोगामी आहेत, पहिल्या प्रकरणातली पानं अकरा ते एकोणीस बघावीत. मी नाही असंही म्हणालो नाही. संशोधकाने क्षेत्रात हस्तक्षेप केला तर निरीक्षण दूषित होतं, हे पद्धतिशास्त्राचं पहिलं तत्त्व. शिवाय माय विधवा बाई, शेतात राबून तिने मला शिकवलं. तिच्या तोंडावर नाही म्हणायचं कसं? सुनंदा स्वतःच ठामपणे बोलेल असं मला वाटलं होतं. ती बोलली नाही. मग मी तरी काय करणार होतो?

मी पान उलटलं. आतल्या पानावर कापसाचे भाव होते, तेही वाचले.

४ ऑगस्ट, बुधवार
धुळ्याला कोणी गेलं नाही.

काल मी कॉलेजात असताना सुनंदाचे वडील, निंबाआबा, नशिराबादहून टेम्पो घेऊन आले आणि तिला आणि सोनीला घेऊन गेले. तिनेच पोस्टातून चिठ्ठी टाकली होती म्हणे, तीस तारखेलाच. शिलाई मशीनही गेलं. मायने अडवायचा प्रयत्न केला तेव्हा निंबाआबा म्हणाले, “बेबाबाई, माझी पोरगी मला जड नाही. तिची पोरगीबी नाही होणार.” एवढंच बोलून ते टेम्पोत बसले. शेजारणीने हे मला दोनदा सांगितलं, दुसऱ्या वेळी हातवाऱ्यांसकट.

माय कालपासून माझ्याशी बोलत नाही. जणू काही मीच चिठ्ठी टाकली. सुनंदाही सांगून गेली नाही. घरातल्या दोन बायका माझ्यावर रागावलेल्या आहेत आणि दोघींच्या रागाची कारणं एकमेकींच्या उलट आहेत. मी कुणाचं काय वाईट केलं?

टेबलावर प्रश्नावल्यांचा गठ्ठा नीट बांधून ठेवला होता. एकशेबारा पक्क्या प्रती, सगळ्या पूर्ण. वर एक सुटी, एकशेतेरावी. भरलेली. तिचंच अक्षर.

प्रश्न ४, शिक्षण: बारावी. पुढे शिकायचं होतं.
प्रश्न ९, आपणांस सदर कायद्याची माहिती आहे काय: स्टेन्सिल मीच कापलं.
प्रश्न १७, तपासणीचा निर्णय कोणी घेतला: बन्सीलाल सरांनी.
प्रश्न १८, आपली संमती घेतली होती काय: मी नको म्हणाले होते.
प्रश्न २३, सदर प्रसंगी पतीची भूमिका काय होती: रिक्षात बसले होते.

बाकीच्या प्रश्नांपुढे रेघा.

मला राग आला. प्रश्न सतराला पर्याय दिलेले आहेत, अ ते उ. त्यांत बन्सीलाल सर नाहीत.

१९ सप्टेंबर
विश्लेषण सुरू. एकशेतेरावी प्रश्नावली नमुन्यातून वगळली. उत्तरदात्याचे संशोधकाशी नाते असल्याने पूर्वग्रहाची शक्यता, अशी तळटीप टाकली. सरांनी तळटीपही काढायला सांगितली.

नशिराबादला जायचं दोनदा ठरवलं. एकदा गणपती आले, एकदा पेपर तपासायचे होते. जळगावहून नशिराबाद किती लांब आहे? वीस मिनिटं. पण तिथे जाऊन नेमकं काय बोलायचं याचा आराखडा तयार नाही.

प्रश्न तेवीस अधूनमधून आठवतो. उत्तर चूक आहे असं सिद्ध करायला मी बसतो आणि मग दुसरंच काम काढतो.

१२ नोव्हेंबर
प्रबंध टंकायला दिला. अभिमनचा अजून तिसऱ्या प्रकरणातच घोडा अडलाय. विभागप्रमुखांनी स्टाफरूममध्ये माझ्या पाठीवर थाप मारली.

ऋणनिर्देश लिहिला. सरांना दीड पान, समितीला चार ओळी, उत्तरदाता क्रमांक सात यांना ‘मनमोकळ्या सहकार्याबद्दल’ दोन. शेवटी: ‘माझी पत्नी सौ. सुनंदा हिने या कामी दिलेले सहकार्य शब्दांपलीकडचे आहे.’ टायपिस्टने विचारलं, वहिनींना दाखवलं का? मी म्हणालो, ती माहेरी असते सध्या. तो म्हणाला, हो हो, बाळंतपण. मी हो म्हणालो. हे अर्धं खरं आहे.

१८ डिसेंबर
निंबाआबांनी एका केळीवाल्याबरोबर निरोप पाठवला. काल मुलगी झाली. दोघी ठीक.

मायला सांगितलं.  ती म्हणाली, “कोनावर गयी?” मला माहीत नाही म्हणालो. ती उठली आणि तिने मेथीचे लाडू करायला घेतले. विचारलं तर म्हणाली, बाळंतिणीला द्यायला करतेय, तुला नाही.

माणसांच्या वागण्यात सातत्य नाही, हे माझं निरीक्षण मात्र बरोबर होतं.

२६ डिसेंबर, रविवार
नशिराबादला जाऊन आलो. हातात मायचे लाडू आणि प्रबंधाची बांधीव प्रत. ती का नेली हे आता सांगता येत नाही. वाटलं, सुनंदाने एवढे कष्ट घेतले आहेत, तिने बघावी.

निंबाआबांनी खाट टाकली, पाणी दिलं. सोनी आली आणि लांबूनच बघून गेली. तिचे दोन दात पडले आहेत, हे मला कोणी कळवलं नव्हतं. मग सुनंदा बाळाला घेऊन आली. बाळ माझ्यासारखं नाही, सुनंदासारखंही नाही. ते मायसारखं आहे. तीच हनुवटी, तेच कपाळाला आठी घालून झोपणं. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. दोन्ही मी दाबलं. दाबायला नको होतं.

“नाव काय ठेवायचं?” मी विचारलं.

“ठेवलंय,” ती म्हणाली. नाव सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तिने प्रबंध हातात घेतला, ऋणनिर्देशाचं पान उघडलं, शेवटची ओळ वाचली. मग शेवटची परिशिष्टं उघडून प्रश्नावल्यांची यादी बघितली. बोट फिरवत एकशेबारापर्यंत गेली आणि थांबली. पुस्तक मिटून माझ्या हातात परत दिलं. लाडवांचा डबा मात्र ठेवून घेतला.

मला सांगायचं होतं की प्रश्न तेवीसचं उत्तर बरोबर आहे. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात बाळ रडायला लागलं आणि ती आत गेली.

मी उठलो. अंगण ओलांडून फाटकापाशी आलो आणि मागे वळून उभा राहिलो. घरातून सोनीचा आवाज येत होता, ती बाळाला काहीतरी म्हणून दाखवत होती. सवयीने घड्याळ बघितलं. चार मिनिटं थांबलो.

दारापर्यंत कोणी आलं नाही.